खापऱ्यांचं गाव

हिवाळाभर केझाया मावशी अंथरुणाला खिळून होती. छातीत कफ साचला होता. बर्फ फुटून दवाखान्याची बोट बेटाला लागली तेव्हा डॉक्टरनं तिच्या पाठीला नळी लावून ऐकलं, मग स्वयंपाकघरात जाऊन सुनेशी, म्युरियलशी, दार लोटून बराच वेळ बोलत बसला. काय बोलला ते मावशीनं विचारलं नाही. आपल्या छातीतलं आपल्याला कळतं, असं तिचं म्हणणं. जूनमध्ये ऊन तापायला लागलं, श्वास मोकळा झाला, आणि एका सकाळी तिला सपाटून भूक लागली. काकवी लावलेला पाव तिनं खाल्ला आणि आणखी मागितला.

म्युरियल बघतच राहिली. आज बरं वाटतंय की तुम्हाला, असं म्हणाली खरी, पण म्हणताना तिचा चेहरा काही उजळला नाही. मावशीला वाटलं, पोरीला माशांच्या वाळवणाची घाई असेल.

सगळं क्रोकर बेट तिला मावशी म्हणायचं. बेटावरची कुणीही म्हातारी बाई मावशी आणि म्हातारा बाप्या काका, मग नातं असो वा नसो. पण नुसतं 'मावशी' म्हटलं की ती केझायाच. बेटावरची निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली होती, आणि गेलेल्या माणसांचे डोळेही तिनंच मिटलेले होते.

प्लासेन्शिया उपसागरातली बेटं त्या वर्षांत एकेक करून रिकामी होत होती. बहुतेक घरांनी हो म्हटलं तर सरकार सगळं गाव उचलून मोठ्या किनाऱ्यावर नेऊन वसवत होतं. तिकडं रस्ता, दवाखाना, मोठी शाळा. माणसं आपली घरंसुद्धा सोडत नव्हती. लाकडी घर ओंडक्यांवरून घसरत पाण्यात आणायचं, चारी बाजूंनी रिकामी पिंपं बांधायची आणि होड्यांनी ओढत न्यायचं. मावशीनं खिडकीतून अशी घरं जाताना पाहिली होती. चिमणीसकट, पडद्यांसकट.

क्रोकर बेटावरही सरकारचा माणूस येऊन गेला होता, गुळगुळीत शहरी बूट घालून. शाळेत सभा भरली. त्यानं नकाशा उघडला आणि काठीनं बेटावर अशी फुली मारून दाखवली की मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठून म्हणाली, "ह्या बेटावरून कुणी हललंच, तर ते माझं मढं उचलल्यावर." खाली बसली. कुणी चकार शब्द काढला नाही. त्या माणसानं नकाशा गुंडाळला आणि निघून गेला. तेव्हापासून तिच्यासमोर कुणी तो विषय काढला नव्हता. आजारपणात पडल्या पडल्या होड्यांची इंजिनं ऐकताना तिला त्याचं मोठं समाधान वाटायचं. शेजारची बेटं ओस पडली, आपलं उभं आहे. आपण तेव्हा बोललो म्हणून उभं आहे.

त्या दिवशी पुरुष जाळी ओढायला गेलेले, म्युरियल वाळवणावर. घरात कुणी नव्हतं. मावशी उठली, लोकरी मोजे घातले, मुलाची, अँब्रोजची, काठी घेतली आणि बाहेर पडली. कुणाला सांगायचं नाही, एकदम धक्क्यावर जाऊन उभं राहायचं आणि सगळ्यांची तोंडं बघायची, असा तिचा बेत होता. लग्न ठरलेल्या पोरीसारखं तिला मनातल्या मनात हसू येत होतं.

धक्क्याची वाट चर्चच्या मागून जायची. तिथं एक सपाट खडक होता. बेटावरच्या पोरांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या त्याच खडकावर चालायचा. फुटलेल्या कपबशांच्या खापऱ्या किनाऱ्यावरून वेचून आणायच्या आणि त्यांचं गाव मांडायचं. एक खापरी म्हणजे एक घर. शिंपल्यांच्या होड्या, शेवाळाचे बटाट्याचे वाफे, डब्याचं झाकण म्हणजे चर्च. फुटलेलंच चालायचं, धड भांडं खेळात घ्यायचं नाही. आणि दुसऱ्याच्या घराला हात लावायचा नाही, अगदी भांडण झालं तरी. मावशी स्वतः इथंच खेळून मोठी झाली होती. तिच्या आईच्या फुटलेल्या बशीची निळ्या काठाची खापरी अजून त्या गावात होती. खेळात तेच अँब्रोजचं घर.

पोरांचा आवाज आला तशी ती भिंतीच्या कोपऱ्याशी थबकली. दम खायचाच होता. ब्रिन्स्टनांचा रोली होता, होलेटांची धाकटी एफी होती, कानाला गरम मिठाची पुरचुंडी बांधलेली. तिची नात ड्रुसी खडकावर उताणी पडली होती. अंगावर पिठाचं पोतं, डोळ्यांवर दोन गोल गोटे, हात छातीवर.

मयताचा खेळ चालला होता. मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही, पोरं मयत खेळतातच. ती स्वतः कितीदा मेली होती त्या खडकावर. कुणाचं मयत असेल, याचा ती अंदाज करत राहिली. रोलीनं तोंडानं घंटा वाजवली. एफीनं बरणीचं झाकण उलटं केलं, म्हणजे मयताच्या घरात थांबवतात तसं घड्याळ थांबवलं. मग रोली घसा खाकरून, हुबेहूब आपल्या बापाच्या जाड आवाजात म्हणाला, "चांगली बाई होती हो. शेवटपर्यंत ताठ."

पोत्याखालून ड्रुसी म्हणाली, "म्युरियल, ह्या चहात पाणी किती आणि चहा किती?"

"मेलेली माणसं बोलत नाहीत," रोली चिडला.

"आजी बोलेल."

मावशीच्या हातातली काठी खडकावर घसरली. पोरांनी मात्र तो आवाज ऐकला नाही, कारण खेळ आता रंगात आला होता. रोलीनं चर्चच्या झाकणावर थाप मारली आणि बापाच्याच आवाजात सांगितलं की आता मागं कशाला थांबायचं, वारा बघून निघू. तसं दोघांनी खापऱ्यांना दोरे बांधले. खडकाच्या खाचेत पावसाचं पाणी साचलं होतं, तो उपसागर. पलीकडचा खडक म्हणजे मोठ्या किनाऱ्यावरचं ब्रॉड हार्बर. एकेक घर पाण्यातून ओढत पलीकडं जाऊ लागलं. एफी आधी धावली. तिकडं एक चपटा दगड होता, त्याला कान लावून बसली. तो दवाखाना असावा.

मावशी कोपऱ्यावरून पुढं आली.

तिला पहिल्यांदा पाहिलं एफीनं. ती किंचाळली नाही, नुसती रोलीच्या मागं जाऊन त्याच्या स्वेटरात तोंड खुपसून उभी राहिली. रोलीचं तोंड उघडं पडलं. ड्रुसीनं डोळ्यांवरचे गोटे काढले, उठून बसली, आणि आजीकडं असं पाहिलं जसं आपण परसात आलेल्या दुसऱ्याच्या शेळीकडं पाहतो.

"तुम्हाला इथं येता यायचं नाही, मावशी," रोली शेवटी म्हणाला. उर्मटपणे नाही, समजावून सांगितल्यासारखं. "तुम्ही मेलाय."

बसायला हवं म्हणून मावशी खडकाच्या कडेला टेकली. हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं तिनं विचारलं. पोरांना प्रश्नच कळला नाही. शिकवायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत होतं. पोरं एकमेकांच्या तोंडातला शब्द ओढत सांगायला लागली. ब्रिन्स्टनांचं घर ब्रॉड हार्बरच्या दुकानाशेजारी जाणार. होलेटांचं दवाखान्याजवळ, एफीच्या कानामुळं. आतून पू येतो, रात्रभर रडते, तिची आई म्हणते शरद ऋतूपर्यंत कळ काढ, तोवर सुटू आपण. चर्चची घंटा रोलीच्या काकाच्या होडीत. यंदा मास्तर येणारच नाही, त्याला तसं कळवलंय. आणि पिंपं तर येऊन पडलीत.

ती पिंपं मावशीनं खिडकीतून रोज पाहिली होती, ब्रिन्स्टनांच्या शेडमागं रचलेली. यंदा हेरिंग मासा चांगला येणार, तो भरायला ती आणलीत, असं तिनं मनात धरलं होतं. मला त्या पिंपांचं कौतुक वाटत होतं, ती स्वतःशी म्हणाली.

"आणि सगळे थांबलेत कशाला?"

रोलीनं एफीकडं पाहिलं. मग ड्रुसी म्हणाली, "तुझ्यासाठी ना."

ड्रुसीला वाईट वाटलेलं नव्हतं. घाबरलीही नव्हती. उलट आजी विचारते आहे म्हणून तिला हुरूप आला होता. ती सांगू लागली की मरायचं काम ती नेहमी स्वतःकडंच घेते. एफीला हसू येतं, रोलीला नाक खाजतं. आजीसारखं पडून राहणं फक्त तिलाच जमतं. रात्री दाराच्या फटीतून बघून बघून तिनं ते शिकून घेतलं होतं. श्वास कसा घ्यायचा, म्हणजे पोतं हलत नाही, तेही.

मावशीनं पलीकडच्या खडकाकडं पाहिलं. निळ्या काठाची खापरी तिथं पोचली होती, पण अलीकडच्या खडकावर, जिथं ती आधी होती, तिथं एक टवका पडून राहिला होता. एवढासा, नखाएवढा. हा का राहिला, असं तिनं विचारलं.

"ती तुझी खोली," ड्रुसी म्हणाली. "ती यायची नाही. बाबा म्हणतो, मागची खोली जोडली की घर जड होतं, बुडायचं. करवतीनं कापून इथंच ठेवायची. तू नसणार, मग हवी कशाला?"

वर समुद्रपक्षी ओरडत होते. मावशीला त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. तिचा मुलगा, शब्दाला हळू, तिच्यासमोर आवाज न चढवणारा, तिच्या खोलीच्या बाहेरच्या बाजूला फळ्यांवर हात फिरवत, कुठून कापायचं ते बघत उभा राहिला असेल. ती आत पडलेली असताना. एप्रिलमध्ये तिनं फळीवर टकटक ऐकली होती. सुतारपक्षी असेल म्हणून सोडून दिली होती.

"आणि मी मेलेच नाही तर?" ती म्हणाली.

हे त्यांनी कधी खेळून पाहिलं नव्हतं. रोलीनं डोकं खाजवलं. बरं, मग खेळून बघू, असं म्हणून त्यानं खापऱ्या पुन्हा अलीकडं आणल्या, आणि ड्रुसीला उठून बसायला सांगितलं. ती बसली. रोली घंटा वाजवायला तोंड उघडून तसाच राहिला, कारण घंटा वाजवायचं काही कारण नव्हतं. एफी उपसागराच्या कडेला उभी होती, कानावर हात धरून. कुणीच काही केलं नाही. बराच वेळ.

"मग काहीच होत नाही," रोली म्हणाला. "नुसतं बसायचं."

"मला नाही खेळायचं हे," एफी म्हणाली आणि रडायला लागली. तिला खेळाचं रडू आलं की कानाचं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मावशी उठली. धक्क्याकडं ती कशी गेली ते तिला नंतर आठवलं नाही. जाळी ओढून होड्या परतल्या होत्या आणि शेडमध्ये मासे चिरणं चाललं होतं. अँब्रोज मेजाशी होता, हातात सुरी, कोपरापर्यंत रक्त. म्हातारा हेझकाया ब्रिन्स्टन, रोलीचा आजोबा, मिठाच्या पिंपावर बसून माशांना मीठ चोळत होता. दोन होलेट बंधूही होते. मावशी दारात उभी राहिली तशी एकेकाचे हात थांबले. कुणी या म्हणालं नाही. कुणी बरी झालीस म्हणालं नाही. तिनं ठरवलं होतं तशी त्या सगळ्यांची तोंडं तिनं पाहिली. भूत पाहिलेल्या माणसांची तोंडं होती ती.

"अँब्रोज," ती म्हणाली, "माझी खोली कुठून कापणारेस?"

सुरी मेजावर पडली नाही. अँब्रोजनं ती अगदी हळू खाली ठेवली, जणू ती काचेची होती. त्याच्या मानेवरून लाली वर चढली आणि परत उतरून गेली, आणि मग तो इतका पांढरा पडला की धाकट्या होलेटनं त्याच्या कोपराला हात लावला. आई, असं तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, आई. थोरला होलेट बाहेर निघून गेला.

शेवटी हेझकाया काका बोलला. बेटावर तिला नुसत्या नावानं हाक मारणारा तोच एक उरला होता.

"तूच म्हणाली होतीस, केझाया."

"काय म्हणाले होते?"

"माझं मढं उचलल्यावर. भर सभेत. सगळं बेट बसलं होतं तिथं."

"अरे, मी त्या बूटवाल्याला म्हणाले ते."

"म्हणालीस ना पण."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. मग तिला हळूहळू उमगलं. तिचा शब्द त्यांनी मोडला नव्हता. पाळला होता. अक्षर अन्‌ अक्षर पाळला होता. सगळ्यांना जायचं होतं, त्या सभेच्या दिवशीसुद्धा जायचं होतं, पण मावशी तसं बोलली म्हटल्यावर कुणी सही केली नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला, तू बोललेलं परत घे, असं सांगायला कुणी जात नसतं. अँब्रोज तर नाहीच. म्हणून सगळे थांबले. मान राखून, आवाज न करता, तिला सूप नेऊन देत, तिच्या उशीला उन्हं आली की पडदा सरकवत, सगळं बेट तिच्या मरणाची वाट बघत राहिलं. त्यांना त्यात काही चूक दिसलं नव्हतं. आणि ती खाटेवर पडून अभिमानानं होड्या मोजत होती.

"विचारायचं तरी मला," ती म्हणाली.

"कसं विचारणार?" हेझकाया म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. "केझाया, कधी मरतेस, असं विचारायचं तुला?"

धक्क्याखाली पाणी खांबांवर आपटत होतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पोरांनी सांगितलं म्हणून तिला कळलं, हे तिनं सांगितलं नाही. पोरांना मार बसला असता. ती फक्त बोलत गेली, आणि तिच्या बोलण्यात गोडवा नव्हता. मला जायचं नाही, ती म्हणाली. हे नीट ऐकून घ्या. माझा जीव इथून निघत नाही, आणि मी खुशीनं निघाले असं पुढं कुणी कुणाला सांगायचं नाही. तिकडं मी कुणाला ओळखत नाही. इथं माझा माणूस टेकडीवर आहे. पण उद्या वारा असेल तर तो कान दाखवायला एफीला डॉक्टरकडं न्या, आणि घरं न्यायची असतील तेव्हा न्या. मी काय म्हणाले होते ते मी परत घेते. सगळ्यांसमोर म्हणाले होते, सगळ्यांसमोर परत घेते.

धाकट्या होलेटनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मयतात काढतात तशी. त्याच्या ते ध्यानात आलं तसा तो लाजून परत घालू लागला, पण ती कानावर नीट बसेना.

"खोली राहू दे, आई," अँब्रोज म्हणाला. "मी पिंपं वाढवतो. ओढून नेऊ."

"घर जड होतं का तिनं?"

अँब्रोजनं मेजावरची सुरी उगाच सरळ केली.

"होतं का?"

"होतं."

"मग काप. मी स्वयंपाकघरात निजेन. चुलीपाशी उबही असते." थोडं थांबून ती म्हणाली, "पण मी आत असताना बाहेरून टकटक करून बघू नकोस. मला बाहेर बोलाव आणि मग माप घे."

हे ऐकून अँब्रोज मेजाला टेकला आणि रक्ताळलेले हात तोंडावर धरून रडला, मोठ्यानं, सगळ्या पुरुषांसमोर. मावशीनं त्याला रडू दिलं. तिला जवळ जावंसं वाटलं, पण पाय उचलेनात. ते पाहून हेझकायानं थोरल्या होलेटला आत हाक मारली, आणि दोघा भावांनी मासे वाहायचा दोन दांड्यांचा पाट उचलून तिच्यापुढं आणला, पुढं एक माणूस, मागं एक. त्या पाटावरूनच तिच्या नवऱ्याला टेकडीवर नेलं होतं.

तिनं पाटाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. दोघांनी घाईघाईनं तो मागं नेऊन ठेवला.

ती चालत निघाली. अँब्रोज मागून येत होता, थोडं अंतर ठेवून, हात न धुताच. चढावर ती थांबायची तेव्हा तोही थांबायचा. चर्चपाशी ड्रुसी एकटीच बसली होती. रोली आणि एफी पळाले होते. तिच्या मांडीवर पिठाचं पोतं घडी घालून ठेवलेलं होतं. ती बापाकडं बघेना. त्याचे हात पाहून तिचा चेहरा उतरला होता, आणि आपल्या हातून काहीतरी भयंकर झालंय एवढंच तिला समजत होतं.

"आजी," ती म्हणाली, "आता मी कोण होऊ?"

मावशीला अजून आपल्या छातीत ठोके ऐकू येत होते, मोठे, जणू दुसऱ्या कुणाचे.

"ते मग बघू," ती म्हणाली. "आत्ता मला हात दे. वर जायचंय अजून."

ड्रुसीनं पोतं खाली टाकलं आणि तिचा हात धरला. तो गरम होता, आणि ड्रुसीनं दचकून वर पाहिलं.